पांढरीचं धाबं
नेवासा म्हटलं की ज्ञानोबांचा पैसचा खांब आठवतो, आणि तो आठवावाच. मी मात्र प्रवरेकाठच्या या मुलखात आणखी एका रचनेपाशी रेंगाळतो: धाब्याचं घर. उन्हाळ्याला दाराबाहेर थोपवणारी इतकी एकजीव कारागिरी क्वचितच पाहायला मिळते.

आत शिरून वर पाहा. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर दाटीनं बसवलेल्या किलचा, त्यांवर पाला, पाल्यावर चिखल आणि सगळ्यांत वर चोपून बसवलेला पांढरीचा, म्हणजे पांढऱ्या मातीचा, जाड थर. लाकूड भार पेलतं, पाला माती गळू देत नाही, आणि मातीतून दुपारचं ऊन खाली झिरपेपर्यंत दिवस मावळलेला असतो. रात्री उघड्या आभाळाखाली तीच माती निवते. घरची माणसंही तेव्हा या सपाट छतावर, माळवदावरच झोपतात. ही माती काळ्या रानातली चालत नाही, ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. लागते ती जुन्या वस्तीच्या टेकाडावरची, राखेची, पडलेल्या भिंतींची. नेवाशात अशाच टेकाडावर पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकळिया आणि डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाणयुगातल्या वस्तीपर्यंतचे थर उलगडले. एका पिढीची ढासळलेली भिंत पुढच्या पिढीच्या डोक्यावरचं छत व्हावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

भिंती रुंद, खाली जाड, वर निमुळत्या. बाहेरच्या अंगाला खिडक्या जवळपास नाहीतच. उजेड येतो तो चौकातून आणि सवण्यातून. छताला ठेवलेल्या त्या लहानशा भोकातून चुलीचा धूर आणि तापलेली हवा वर निघून जाते, तिच्या जागी ओसरीतली सावलीची हवा आत येते. कवडसा जमिनीवर सरकत राहतो. पाऊस आला की सवण्यावर झाकण पडतं. हे सवणं बुजवा, एवढ्या जाड भिंती असूनही घर कोंदटतं. कुठलाही एक भाग एकट्यानं गारवा देत नाही, हेच या रचनेचं मर्म.

उणिवाही आहेत. वाळवी लागते, पावसाळ्याआधी पांढरी टाकावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंतींवरची जड माळवदं माणसांवर कोसळली. म्हणून हे घर जसंच्या तसं बांधा, असं मी म्हणणार नाही. पण त्यामागचा विचार आजही खरा आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’नं भिंती आणि खिडक्यांतून मिळून आत येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरला १५ वॉटची मर्यादा घातली आणि छताचा हिशेब वेगळा मागितला. उघडा स्लॅब त्या हिशेबात बसत नाही.

नेवाशात नवं घर बांधणाऱ्यानं एवढं तरी करावं: स्लॅबवर उष्णतारोधक थर आणि वरून पांढरा लेप द्यावा, पश्चिमेच्या खिडकीला खोल छज्जा काढावा आणि तापलेल्या हवेला उंचावरून बाहेर पडायला वाट ठेवावी.