मराठीतील अर्धा ‘ऱ’ आणि संगणकाची वर्णयोजना

भारतातील संगणकाचा इतिहास सांगताना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेल्या व १९६२ मध्ये ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळालेल्या यंत्रापासून प्रारंभ करण्याचा प्रघात आहे. हा इतिहास बहुधा यंत्रांचा असतो; लिपीचा नसतो. वस्तुतः संगणक अक्षर जाणत नाही, अंक जाणतो. आणि कोणत्या चिन्हाला स्वतंत्र अंक द्यावयाचा, हा प्रश्न अभियंत्याइतकाच भाषाशास्त्रज्ञाचा आहे. मराठीपुरते त्याचे काय झाले, हे एकाच चिन्हावरून पाहता येते.

‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. पहिल्या शब्दात र् मागील अक्षरास मिळतो व ‘द’ गुरू होतो. दुसऱ्यात तो पुढे सरकतो व ‘द’ लघूच राहतो. आचार्यास वंदन करावयाचे आणि आचाऱ्यास स्वयंपाक सांगावयाचा, हा भेद केवळ लेखनाचा खचित नव्हे.

१९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकाने ब्राह्मीपासून निघालेल्या लिपींसाठी एकच कोष्टक योजले. कल्पना मोठी होती. परंतु तीत या अर्ध्या र्‌ला स्वतःचे घर मिळाले नाही. द्राविडी भाषांतील ध्वनीसाठी ठेवलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून तो साधावा, असे ठरले. युनिकोडने हीच रीत स्वीकारली, आणि १९९६ च्या आपल्या दुसऱ्या आवृत्तीशी मेळ राखण्यासाठी आणखी एक चालू ठेवली: साधा ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह. छापील पानावर दोन्ही सारखीच दिसतात.

येथेच खरी अडचण आहे. युनिकोडमध्ये ‘र’चा अंक २३५२, ‘ऱ’चा २३५३. केवळ अंकक्रमाने शब्द लावल्यास ‘दऱ्या’ आपल्या ‘दरी’पासून तुटून दूर पडते. उलट दुसऱ्या रीतीत अदृश्य चिन्ह दुर्लक्षिले गेले की दरी समुद्रात बुडते! गोदावरीच्या खोऱ्याविषयीचे लेख शोधणाऱ्याच्या हाती, त्याने ‘खोऱ्यात’ हा शब्द ज्या रीतीने लिहिला असेल तेवढेच येण्याचा संभव राहतो. उरलेले डोळ्यांसमोर असूनही सापडत नाहीत.

उसने घेतलेले असले तरी ‘ऱ’ हेच चिन्ह प्रस्तुत लेखकास अधिक ग्राह्य वाटते, कारण अर्थभेद अदृश्य खुणेवर सोपविणे कोणत्याही लिपीस परवडणारे नाही. तुटलेले नाते वर्णक्रमाचा नियम करून जोडता येते. पुसला गेलेला भेद मात्र संदर्भ वाचल्यावाचून परत मिळत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तर ‘र’ व ‘ऱ’ एकाच कळीवर आहेत. शब्दगणना करणाऱ्या विद्यार्थ्याने मोजणीपूर्वी सर्व संहिता याच एका रीतीत आणून घ्यावी.