युरिक अ‍ॅसिड आणि मधुमेहींचं हृदय: संबंध आहे, पण कारण आहे का?

मधुमेह असलेल्यांमध्ये युरिक अ‍ॅसिड जास्त असेल तर हृदयविकाराचा धोकाही जास्त, असं सांगणारे पेपर ढिगाने सापडतात. तपासणी स्वस्त, रुग्ण भरपूर, त्यामुळे प्रबंधासाठी विषय सोयीचा. माझा आक्षेप या निरीक्षणाला नाही. शेवटच्या परिच्छेदात हळूच येणाऱ्या ‘म्हणून युरिक अ‍ॅसिड कमी करावं’ या वाक्याला आहे.

आधी ते वाढतं कशामुळे, ते बघू. रक्तात इन्सुलिन जास्त असलं की मूत्रपिंड युरेट कमी बाहेर टाकतं. मूत्रपिंडाचं काम मंदावलं किंवा रक्तदाबासाठी थायाझाइड सुरू असलं, तरी तेच होतं. आता लठ्ठपणा, रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा आजार हे स्वतःच हृदयविकाराचे धोके आहेत. उलट, साखर फार वाढून लघवीतून जायला लागली की युरेटही जास्त बाहेर पडतं. म्हणजे अगदी वाईट नियंत्रण असलेल्या रुग्णाचा आकडा चक्क ‘नॉर्मल’ दिसू शकतो! नुसती सरळ रेषा बसवणाऱ्या विश्लेषणात हे हरवतं.

1999 मध्ये फ्रेमिंगहॅम अभ्यासातल्या 6,763 जणांचं विश्लेषण आलं. स्त्रियांमध्ये फक्त वय लक्षात घेतलं तेव्हा संबंध दिसला. बाकीचे धोके मिळवल्यावर तो उरला नाही. तो पुसण्यात मुख्य हात होता लघवी वाढवणाऱ्या औषधांच्या वापराचा. तुमच्या प्रश्नावलीत औषधांचा रकानाच नसेल, तर हे कळणार कसं?

मग युरिक अ‍ॅसिड खरंच कमी करून पाहिलं तर? ‘पर्ल’ ट्रायलमध्ये (2020) टाइप 1 मधुमेहाच्या 530 जणांत अ‍ॅलोप्युरिनॉलने ते 6.1 वरून 3.9 मिग्रॅ/डेलिवर आलं, पण मूत्रपिंडाला फायदा दिसला नाही. ब्रिटनमधल्या ‘ऑल-हार्ट’मध्ये (2022) हृदयविकार असलेल्या 5,721 जणांतही हृदयाच्या घटना कमी झाल्या नाहीत.

या ट्रायल्सही डोळे झाकून स्वीकारू नका. ‘पर्ल’चा प्रश्न मूत्रपिंडाचा होता, हृदयाचा नव्हे. ‘ऑल-हार्ट’मध्ये युरिक अ‍ॅसिड जास्त असण्याची अट नव्हती आणि निम्म्याहून जास्त लोकांनी औषध मध्येच सोडलं. म्हणजे टाइप 2 मधुमेह आणि युरिक अ‍ॅसिड जास्त असलेल्यांबद्दलचा प्रश्न यांनी पूर्ण मिटलेला नाही. पण ‘मिटलेला नाही’ म्हणजे ‘फायदा आहे’ असंही नाही. अ‍ॅलोप्युरिनॉलने क्वचित त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया येते. गाउटसाठी ते द्यायला ठोस कारण आहे. नुसत्या आकड्यासाठी नाही.

असा पेपर हातात आला की तीन गोष्टी शोधा: ईजीएफआर धरलंय का, औषधांची नोंद आहे का, आणि युरिक अ‍ॅसिड आजाराच्या आधी मोजलंय का. एकाच दिवशी दोन्ही मोजले असतील, तर निष्कर्षात ‘संबंध’ एवढाच शब्द लिहा. ‘मुळे’ लिहायचा हक्क त्या डेटाने दिलेला नसतो.