बातमीतली ‘सुटका’ आणि गंगूबाईची मागणी

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या बातम्या फोनवर वाचणाऱ्यांना एक बातमी तोंडपाठ असेल. लॉजचं नाव बदलतं, पोलीस ठाण्याचं बदलतं, बाकी साचा तोच. खबऱ्याची टीप, बोगस गिऱ्हाईक, इशारा, छापा. शेवटी दोन वाक्यं: पीडित महिलांची सुटका करण्यात आली, त्यांची रवानगी सुधारगृहात करण्यात आली.

ही दोन वाक्यं शेजारी बसतात आणि कुणाला खटकत नाहीत. सुटका झालेल्या माणसाची रवानगी कशी होते? रवानगी कोठडीत होते. पण बातमीदाराने चूक केलेली नाही, कायदाच तसा आहे. ‘पिटा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या 1956च्या कायद्याच्या 17व्या कलमाखाली दंडाधिकारी सज्ञान बाईला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवू शकतो. दलाल आरोपी असतो, म्हणून त्याला जामीन मागता येतो. ती आरोपी नाही, मग जामीन कशाचा मागणार? सप्टेंबर 2020मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा तीन तरुण स्त्रियांना सोडून द्यायला सांगितलं. वेश्याव्यवसाय हा या कायद्याखाली स्वतः गुन्हा नाही आणि सज्ञान स्त्रीला तिच्या मर्जीविरुद्ध डांबून ठेवता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. त्यासाठी त्या तिघींना हायकोर्टापर्यंत जावं लागलं.

आता आपल्या पिढीने हा विषय जिथे पाहिला तिथे येऊ. ‘गंगूबाई काठियावाडी’ 25 फेब्रुवारी 2022ला आला. पांढऱ्या साडीतली आलिया भट आझाद मैदानावर बोलते, ते भाषण रील म्हणून कितीतरी जणांच्या फोनवर फिरलं. धंद्याला कायदेशीर करा, ही तिची मागणी. संजय लीला भन्साळींनी तो प्रसंग असा उभा केलाय की टाळी आपोआप पडते. माझी तक्रार त्या टाळीबद्दल आहे.

कारण गंगूबाई तिथे कोण म्हणून उभी आहे? ती घरवाली आहे. शीला मौसीच्या मृत्यूनंतर कोठा तिच्या हातात आलाय. सिनेमा तिला सगळ्याजणींची आई करतो, आणि एकदा आई झाली की हिशेब विचारायची सोय राहत नाही. मुलीच्या कमाईतला घरवालीचा वाटा किती, खोलीचं भाडं कोण ठरवतं, मुलीला सोडून जायचं असेल तर काय? पटकथा इथे पाय ठेवत नाही. म्हणजे उद्या सरकारने तिची मागणी मान्य केली आणि लायसन्स द्यायला काढलं, तर ते गंगूबाईच्या नावावर निघेल. खोलीतल्या मुलीच्या नाही.

लायसन्सचं काय होतं हे बघायला कामाठीपुऱ्यात जायला नको, ऑर्केस्ट्रा बारची पाटी पुरेशी आहे. 2005मध्ये राज्याने डान्स बार बंद केले, 2013मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी टिकू दिली नाही, 2016मध्ये नवा कायदा आला, 2019मध्ये त्यातल्या बऱ्याच अटी गेल्या. दरम्यान ऑर्केस्ट्राच्या परवान्यात एक अट होती: स्टेजवर चार बायका, चार पुरुष. बायकांच्या संरक्षणासाठी म्हणे! गंगूबाई प्रदर्शित व्हायच्या आठवडाभर आधी, 18 फेब्रुवारी 2022ला, सर्वोच्च न्यायालयाने ही वाटणी रद्द केली. एकूण आठांची मर्यादा तेवढी ठेवली. परवाना मालकाचा, अट सरकारची, मोजणी पोलिसांची. आणि पाचवी बाई सापडली की रोजगार जायचा तो तिचाच.

यापेक्षा जुना धडाही आहे. इंग्रजांनी 1868मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा आणला. वेश्यांनी नाव नोंदवायचं, ठरल्या वेळी तपासणी करून घ्यायची, रोग निघाला तर इस्पितळात बंद व्हायचं. गिऱ्हाइकाला कुणी तपासलं नाही. 1888मध्ये तो कायदा गेला. ‘रेग्युलेट करा’ म्हणणाऱ्याला मी आधी हेच विचारेन: नोंद कुणाची?

म्हणून मला वाटतं, काय द्यायचं यापेक्षा काय काढायचं हे बोलू या. पिटाच्या दुसऱ्या कलमात कुंटणखान्याची व्याख्या आहे. दोन स्त्रियांनी एकमेकींच्या फायद्यासाठी एक खोली वापरली तरी तो कुंटणखाना. रात्री सोबतीला कुणी असावं म्हणून दोघी एकत्र राहिल्या की गुन्हा, एकटी राहिली तर मार खायला मोकळी. चौथं कलम वेश्येच्या कमाईवर जगणाऱ्या अठरा वर्षांवरच्या कुणालाही लागू शकतं. ते दलालासाठी लिहिलंय, पण आईच्या पैशावर कॉलेजात जाणारा एकोणीस वर्षांचा मुलगाही त्या शब्दांत बसतो. सातवं कलम देवळापासून, शाळेपासून, इस्पितळापासून दोनशे मीटरच्या आत मनाई करतं. उल्हासनगरच्या कॅम्पांमध्ये असा कोपरा शोधून दाखवा! न्यूझीलंडने 2003मध्ये उलटं केलं. तिथे चारजणींपर्यंत कुणी मालक नसताना, परवान्याशिवाय, एकत्र काम करू शकतात.

कायदा सैल झाला की पोरी विकणाऱ्यांचं फावेल, हा आक्षेप खोटा नाही, आणि तो घेणाऱ्या अनेकांनी वस्त्यांमध्ये आयुष्य घालवलंय. पण मुलांसाठी पॉक्सो आहे, तस्करीसाठी न्याय संहितेचं 143वं कलम आहे. ती राहू देत, जोरात राबवू देत. गरिबीतली मर्जी ही कितपत मर्जी, हा प्रश्न मलाही छळतो. तो घरकाम करणाऱ्या बाईबद्दलही पडतो, मात्र तिच्या सुटकेसाठी कुणी बोगस गिऱ्हाईक पाठवत नाही.

मे 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सांगितलं की या स्त्रियांशी माणसासारखं वागा, कंडोम पुरावा म्हणून धरू नका, त्यांची ओळख उघड होईल असे फोटो छापले जाऊ नयेत. समितीच्या काही शिफारशींवर केंद्र सरकारने मात्र हरकत घेतली. आपल्याकडे सांगलीत ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ 1996पासून आहे. या धंद्यातल्याच बायकांची संघटना, घरवालीची नव्हे. त्या बायकांवर भव्य सेट लावून कुणी सिनेमा काढला नाही. काढलाच, तर त्यात आझाद मैदान नसलं तरी चालेल. दोघीजणी खोलीचं भाडं अर्धं अर्धं करतायत, आणि कडी आतून लागते, एवढा प्रसंग हवा.