पियानोच्या तारा : एकेरी कीं दुहेरी?

भंडारा हें पितळेच्या भांड्यांचें गांव. भांडें घ्यावयाचें तर तें वाजवून घ्यावें, हा व्यवहार येथें कोणास शिकवावा लागत नाहीं. वाद्याच्या बाबतींत मात्र आमच्या सुशिक्षित घरांतून नेमकें उलटें चालतें. आधीं नांव पाहतात, कान मागाहून. पियानोच्या तारांसंबंधीं जो वाद चालतो, त्यांत हें विशेष दिसून येतें.

पियानोंत ८८ पट्ट्यांसाठीं सुमारें २३० तारा असतात. दुहेरी बांधणींत एकच लांब तार एका खुंटीपासून निघते, मागच्या खिळ्याला वळसा घालते व शेजारच्या खुंटीवर परत येते. एका तारेनें दोन तारांचें काम भागतें. एकेरी बांधणींत प्रत्येक तारेच्या टोकास फांसा वळून ती स्वतंत्र अडकवितात. न्यूयॉर्कचे स्टाइनवे पहिली रीत पाळतात. व्हिएन्नाचे बोझेनडॉर्फर व लाइपझिगचे ब्लुथनर दुसरी.

एकेरी बांधणीचा स्वर अधिक शुद्ध, असें कित्येक रसिक छातीठोकपणें सांगतात. आम्हांस तें पटत नाहीं. खिळ्याभोंवतीं तार इतकी आवळलेली असते कीं, एका बाजूचा ताण सहसा दुसरीकडे सरकत नाहीं; दोन्ही बाजू वेगवेगळ्या लावतां येतात. शिवाय तांब्यानें वेष्टिलेल्या खर्जाच्या तारा दुहेरी पद्धतीच्या पियानोंतही बहुधा एकेरीच असतात. एकेरीचा खरा गुण निराळा आहे. तार तुटली तर एकच जाते. दुहेरींत जोडीची दुसरीही जाते, आणि कधीं ती शेजारच्या स्वराची असते. उलट, एकेरींत श्रम अधिक, व नवा फांसा आवळून बसेपर्यंत तार उतरते. हा हिशेब सोयीचा आहे, सौंदर्याचा नव्हे.

मिरजेच्या तंबोऱ्याच्या चारही तारा एकेरीच बांधतात. त्याची फुशारकी कोणी मारीत नाहीं. त्याची परीक्षा होते ती जवारींत. घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा किंचित् सरकवितांच सूर फुलतो, आणि तो फुलला कीं नाहीं हें कानच सांगतो. २०२४ सालीं मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस भौगोलिक मानांकन मिळालें, हें योग्यच झालें. परंतु तो शिक्काही कानाचें काम करूं शकत नाहीं.

मुलांसाठीं वाद्य घेणाऱ्या पालकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, बांधणीची कीर्ति ऐकून पैसे मोजूं नयेत. मुलाचा कान घडतो तो घरांत रोज वाजणाऱ्या स्वरावर. वाद्याच्या नांवावर नव्हे. भांड्याप्रमाणें वाद्यही वाजवूनच घ्यावें.