क्रिस्तपुराणांतील ‘भावार्थ’ : एक परीक्षण

तळेघरावरून भीमाशंकरास जाणाऱ्या यात्रेकरूंस देवळापुढील पोर्तुगीज घंटा परिचित आहे. इ. स. १७३९ मध्यें वसई हस्तगत झाल्यावर चिमाजी अप्पांनीं आणविलेल्या घंटांपैकीं ती एक, असें परंपरेनें मानितात. अशा घंटांच्या धातूची व त्यांवरील लेखांची चर्चा आपल्या अभ्यासकांत होते. परंतु तसल्या घंटांच्या नादानें जे लोक प्रार्थनेस जमत, त्यांच्या श्रद्धेचें मराठी वाङ्मय आपण क्वचितच उघडतों. त्यांतील अग्रगण्य ग्रंथ वसईचा नसून गोव्याकडील साष्टी प्रांताचा आहे. तो म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण. त्यांतील मराठी भाषेची स्तुति सर्वांस पाठ आहे. पुढील ग्रंथ मात्र फारसा कोणी वाचीत नाहीं. अस्थिर काळीं मनुष्यानें देवावर भार टाकून स्वस्थचित्त कसें व्हावें हें हा ग्रंथ कोणत्या साधनांनीं शिकवितो, आणि त्याचा तो अधिकार कितपत मान्य करावा, एवढाच प्रश्न येथें घेतला आहे.

प्रथम काळ पाहावा. स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आला व १६१९ मध्यें वारला. साष्टींतील देवळें १५६७ मध्येंच पाडलीं गेलीं होतीं; गोव्यांत धर्मसमीक्षणाचें न्यायालय १५६० पासून चालू होतें. १५८३ मध्यें कुंकळ्ळीस पांच पाद्री मारले गेले, आणि त्याचा सूड म्हणून तेथील प्रमुख गांवकऱ्यांस बोलणीच्या मिषानें असोळण्याच्या कोटांत नेऊन मारण्यांत आलें. नवख्रिस्ती लोकांची जुनी पोथी गेली होती आणि नवी अद्यापि हातीं आली नव्हती. ग्रंथारंभीं एक ब्राह्मण गुरूस विचारतो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें आपण वर्ज्य केलींत, मग त्यांच्या जागीं तशींच दुसरीं आम्हांस कां देत नाहीं? ग्रंथकारानें हा प्रश्न लपविला नाहीं, हें त्याच्या प्रामाणिकपणाचें लक्षण होय.

आतां साधनांचा विचार. पहिलें साधन शब्दाचें. ख्रिस्ती श्रद्धेस स्टीफन्स ‘भावार्थ’ म्हणतो व श्रद्धावंतांस ‘भावार्थी’. संस्कृतांत भावार्थ म्हणजे तात्पर्य. ज्ञानेश्वरांच्या भावार्थदीपिकेच्या नांवांत तोच अर्थ आहे. संतांच्या मराठींत मात्र त्यास निष्कपट भक्तीची छटा आली. परक्या देशाच्या या पंडितानें ती छटा ओळखून शब्द उचलला. नुसती मतास संमति म्हणजे भावार्थ नव्हे, नुसता कढही नव्हे. कळलेल्या गोष्टीवर मन टेकणें, हा अर्थ त्यांत सहज येतो. कोंकणी ख्रिस्ती समाजांत हा शब्द आजही रूढ आहे. ‘वैकुंठ’ शब्दाची योजना मात्र इतकी निर्दोष म्हणतां येत नाहीं. श्रोत्यास परिचित नांवाचा आधार मिळाला खरा. पण त्या वैकुंठाचा पूर्वीचा धनी बाहेर काढूनच तो मिळाला.

दुसरें साधन रचनेचें. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वर जुन्या करारास दिले आहेत. मिसरांतील दास्य, बाबिलोनचा बंदिवास, आणि तारकाची दीर्घ प्रतीक्षा. तारकाचें चरित्र त्यानंतर ५९ अवस्वरांच्या दुसऱ्या पुराणांत येतें. कित्येकांस पहिला भाग लांबट वाटतो. खंडनाच्या आवेशांत तो रुक्ष होतो हेंही खरें. परंतु ही दीर्घता निरर्थक नव्हे. ज्यांची भूमि गेली पण ज्यांस दिलेलें वचन गेलें नाहीं, अशा लोकांची कथा साष्टीच्या श्रोत्यानें आधीं ऐकावी, असा हेतु तींत दिसतो. पुढें क्रिस्ताच्या दुःखभोगाचें वर्णन विस्तारानें येतें, आणि संकट टळेल असें आश्वासन कोठेंच प्रधान होत नाहीं. जो देव संकटांत स्वतः उतरला त्याच्यावर विसंबावें, ही या ग्रंथांतील शांति. ती स्वस्त नाहीं, म्हणूनच विचारार्ह आहे.

तिसरें साधन ओवीचें. सुमारें ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ एकट्यानें मुकाट्यानें वाचण्यासाठीं नाहीं; वक्ता व श्रोते यांच्या मेळ्यासाठीं आहे. धीर एकट्यास येतो त्यापेक्षां मेळ्यांत लवकर येतो, हें आपल्या पुराणिकांस ठाऊक होतें.

अधिकाराचा प्रश्न उरतो. ज्या सत्तेच्या आश्रयानें हें पुराण रचलें गेलें, तिनेंच १६८४ च्या फर्मानानें लोकांस देशी भाषा सोडण्याचा हुकूम केला. सांत्वनाची वाणी हिरावणाऱ्या हाताचा आश्रय या ग्रंथास होता, हा डाग पुसतां येत नाहीं. परंतु ग्रंथाचें मोल केवळ आश्रयदात्यावरून ठरत नसतें. गोवा सोडून कानड्यांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांवर १७८४ मध्यें टिपूच्या कैदेचा प्रसंग आला. श्रीरंगपट्टणचा तो बंदिवास १७९९ पर्यंत टिकला. मंगळूरच्या जोसेफ साल्ढाणांनीं १९०७ मध्यें रोमन लिपींत ग्रंथ छापला, तो त्याच प्रांतांतील हस्तलिखितांवरून. ज्या समाजाचें घरदार गेलें त्यानें ही पोथी पिढ्यान् पिढ्या नकलून राखिली, तेव्हां ती सत्तेची राहिली नव्हती, वाचणाऱ्यांची झाली होती. मला हा पुरावा कोणत्याही प्रशंसेहून बलवत्तर वाटतो.

संग्राहकांचें काम येथेंच आहे. १६१६, १६४९ व १६५४ च्या मुद्रित आवृत्तींची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील प्रत देवनागरी आहे. रोमन प्रतींतील पोर्तुगीज शब्दांच्या जागीं तींत संस्कृत शब्द आढळतात, व मूळ पाठ कोणता यावर मतभेद आहे. श्री. शांताराम बंडेलू यांनीं १९५६ मध्यें ग्रंथ नागरींत आणिल्यानें वाचकाची सोय झाली, पाठाचा निर्णय मात्र झाला नाहीं. तरी कोंकणांत वा कानड्यांत जुनीं दप्तरें चाळतांना रोमन अक्षरांचें बाड आढळल्यास ‘फिरंगी कागद’ म्हणून तें बाजूस टाकूं नये. दोन ओळी मोठ्यानें वाचून पाहाव्या. मराठी ओवी कानास लागलीच ओळखूं येते.