पाकिस्तानांतील कवि आणि राज्यसत्ता

वाङ्मयानें समाज पालटतो, कीं समाज पालटला म्हणजे वाङ्मय पालटतें, हा वाद आमच्याकडे 'कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला' या नांवाखालीं पुष्कळ वर्षें गाजला. त्यांत उभय पक्षांनीं दाखले घेतले ते बहुधा युरोपांतील. वस्तुतः या प्रश्नाचा कस पाहण्यास आमच्या अगदीं शेजारचें उर्दू वाङ्मय अधिक उपयोगी आहे. कारण पाकिस्तानच्या स्थापनेपासून तेथील सत्तेनें लेखकांस जितक्या गंभीरपणें घेतलें, तितक्या गंभीरपणें तें टीकाकारांनींहि क्वचितच घेतलें असेल.

सत्तेच्या या वागणुकीच्या तीन तऱ्हा आम्हांस दिसतात. पहिली दंडाची. सआदत हसन मंटो हे मुंबईची चित्रपटसृष्टि सोडून १९४८ च्या जानेवारींत लाहोरास गेले. त्यांच्या 'ठंडा गोश्त' या कथेवर लगेच अश्लीलतेचा खटला झाला. त्यांत साक्ष देतांना फैज अहमद फैज यांनीं सांगितलें कीं, कथा अश्लील नव्हे, मात्र श्रेष्ठ वाङ्मयाच्या पदवीस ती पोंचत नाहीं. न्यायाधीशाचें काम वेगळें आणि रसिकाचें वेगळें, हें इतक्या नेमकेपणानें क्वचितच कोणी सांगितलें असेल. पुढें १९५१ सालीं खुद्द फैजच रावळपिंडी कटाच्या आरोपावरून पकडले गेले व १९५५ पर्यंत कैदेंत राहिले. 'दस्ते सबा' हा त्यांचा संग्रह १९५२ सालीं, ते तुरुंगांत असतांच, प्रसिद्ध झाला. गझलेंतील प्रेयसी, विरहाची रात्र, पहांटेचा वारा हे जुने संकेत त्यांनीं मोडले नाहींत. त्यांच्यांत नवा अर्थ भरला. पाहारेकऱ्यास जें जुनेंपुराणें वाटावें तेंच वाचकास ताजें कळावें, ही किमया कलेची आहे, घोषणेची नव्हे.

दुसरी तऱ्हा अनुग्रहाची. १९५८ सालीं जनरल अयूबखान सत्तेवर आले. पुढच्याच वर्षीं 'पाकिस्तान टाइम्स' चालविणारी संस्था सरकारनें ताब्यांत घेतली आणि त्याच वर्षीं सरकारच्या कृपाछत्राखालीं लेखकांचा एक संघहि निघाला. एका हातानें छापखाना काढून घ्यावा आणि दुसऱ्या हातानें शाल पांघरावी, असा हा प्रकार. १९६२ ची राज्यघटना आली, तींत अध्यक्ष निवडण्याचा अधिकार जनतेस नव्हे, तर ८०,००० निवडक प्रतिनिधींस होता. हबीब जालिब यांची 'दस्तूर' ही कविता या घटनेविरुद्ध आहे. फैज यांची नाजूक वीण जालिब यांच्यांत शोधूं नये. त्यांची रचना सभेसाठीं, हजारों कंठांसाठीं आहे, आणि त्या मापानें ती पुरी उतरते.

तिसरी तऱ्हा सन्मानाची, आणि आमच्या मतें हीच सर्वांत घातक. 'निशान-ए-इम्तियाज' हा राज्याचा एक उच्च नागरी बहुमान फैज यांस १९९० सालीं, जालिब यांस २००९ सालीं आणि मंटो यांस २०१२ सालीं देण्यांत आला. तिघेहि तोंवर दिवंगत झाले होते. आज जालिब यांच्या ओळी निरनिराळ्या पक्षांचे पुढारी व्यासपीठावरून म्हणतात. परंतु १९४७ पासून २०२४ पर्यंत त्या देशाच्या एकाहि पंतप्रधानास आपली पांच वर्षांची मुदत पुरी करतां आलेली नाहीं. जी कविता सर्वांसच गातां येते, ती मग कोणास बोंचते? हा प्रश्न निषेधकाव्याच्या भक्तांनीं टाळूं नये.

याचें अर्धें उत्तर तेथील कवयित्रींच्या काव्यांत आहे. जनरल झियाउल हक यांच्या १९७९ च्या हुदूद कायद्यांनीं बलात्काराची हद्दची शिक्षा होण्यास चार मुसलमान पुरुषांची प्रत्यक्ष साक्ष आवश्यक ठरविली. पुढें पुराव्याच्या कायद्यांत स्त्रीच्या साक्षीचें मोल घटविण्याचा बेत निघाला, तेव्हां १२ फेब्रुवारी १९८३ रोजीं लाहोरांत स्त्रियांनीं मोर्चा काढून लाठ्या खाल्ल्या; जालिबहि त्यांच्यासह होते. तरीहि तो कायदा १९८४ सालीं आलाच. बलात्काराचा गुन्हा हुदूदांतून काढून दंडविधानांत परत घेण्यास २००६ साल उजाडलें. हें कवितेनें घडलें असें आम्ही म्हणणार नाहीं. तें श्रेय वकील स्त्रियांच्या आणि त्यांच्या संघटनांच्या चिकाटीचें आहे. किश्वर नाहीद आणि फहमीदा रियाझ यांनीं केलें तें निराळें. गझलेंत शतकानुशतकें जिच्याविषयीं बोललें गेलें, तीच त्यांच्या काव्यांत स्वतः बोलूं लागली. 'बदन दरीदा' या फहमीदांच्या १९७३ च्या संग्रहावर काहूर उठलें तें याचमुळें. पुढें झियांच्या अमदानींत त्यांस भारतांत आश्रय घ्यावा लागला. अशा कवितेंतील आरोपी केवळ सेनापति नसतो. तो वाचकाच्या घरचा कर्ता पुरुषहि असतो. म्हणून ती कोणत्याहि पक्षास सहजीं आपलीशी करतां येत नाहीं.

एक मर्यादा मात्र सांगितलीच पाहिजे. १९९८ च्या जनगणनेंत उर्दू मातृभाषा असणारे शेंकडा आठांहून कमी होते. उर्दूचाच आग्रह धरल्यामुळें २१ फेब्रुवारी १९५२ रोजीं ढाक्यांत रक्त सांडलें, आणि १९७१ सालीं राष्ट्र दुभंगलें त्यामागें ही जखमहि होती. सिंधींतील शेख अयाझ, पंजाबींतील उस्ताद दामन यांचा विचार न करितां केवळ उर्दूवरून त्या समाजाचें चित्र रेखाटणारा टीकाकार नकळत सत्तेच्याच बाजूस जाऊन बसतो.

तात्पर्य, कविता कायदा करीत नाहीं आणि राज्यहि उलथीत नाहीं. ती बोलणारा माणूस बदलते. निषेधकाव्याची परीक्षा करितांना तें कोणाविरुद्ध लिहिलें गेलें एवढेंच पाहून भागणार नाहीं. तें आज कोणास म्हणवत नाहीं, हें पाहावें. ज्याच्या तोंडून तें निघत नाहीं, त्याच्याच दारीं त्या कवीचें काम अद्यापि उरलेलें असतें.