ग्रहणावरचे आपले लेख कोणासाठी?

ग्रहण जवळ आले की एक विशिष्ट लेख हमखास वाचायला मिळतो. वृत्तपत्राच्या पुरवणीत, शाळेच्या भित्तिपत्रकावर, विज्ञान मंडळाच्या पत्रकात तो आपण पाहिलेला असतो. आपल्यापैकी अनेकांनी तो लिहिलेलाही असतो. प्रस्तुत लेखकही त्याला अपवाद नाही. या लेखाची बांधणी ठरलेली आहे. आरंभी राहू-केतूची कथा थोड्या मिश्किलपणे सांगायची. मग सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत दाखवणारी आकृती काढायची. त्यानंतर लोकांच्या समजुतींची यादी द्यायची: ग्रहणात जेवू नये, पाणी पिऊ नये, गर्भवतीने काही चिरू-कापू नये. शेवटी ‘ग्रहण म्हणजे केवळ सावल्यांचा खेळ, तेव्हा या भाकडकथांवर विश्वास ठेवू नका’ असे आवाहन करायचे. लेखातील विज्ञान बिनचूक असते. तरी पुढच्या ग्रहणाला घराघरांत तेच घडते आणि आपण तोच लेख पुन्हा काढतो. असे का होते, हे तपासण्यासाठी आज या लेखाचीच चिकित्सा करू.

२६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणापूर्वी पालकांसमोर बोलताना मी हाच लेख तोंडी सादर केला होता. दिवा, चेंडू आणि पृथ्वीचा गोल घेऊन प्रयोगही दाखवला. तो संपल्यावर एका आजींनी विचारले, “सर, सावली पडते ते ठाऊक आहे. पंचांगात वेळेसकट दिलंय. माझ्या सुनेला सातवा महिना आहे. तिनं त्या दिवशी भाजी चिरली तर बाळाला काही होईल का, तेवढं सांगा.” मी म्हटले, “आजी, ही सगळी अंधश्रद्धा आहे.” त्यांनी मान हलवली आणि त्या उठून गेल्या. त्यांनी मला प्रश्न विचारला होता आणि मी त्यांच्या प्रश्नाला नाव ठेवले होते. उत्तर दिले नव्हते.

आपल्या लेखाचा पहिला दोष इथेच आहे. ज्याबद्दल वाद नाही तेच तो सिद्ध करत बसतो. ज्या पंचांगात ग्रहणाचे वेध पाळायला सांगितलेले असतात त्याच पंचांगात ग्रहणाचा स्पर्श, मध्य आणि मोक्ष यांच्या वेळा मिनिटांपर्यंत दिलेल्या असतात. त्या काढायला राहूला विचारावे लागत नाही. चंद्र-सूर्याच्या गतीचे गणित करावे लागते. आर्यभटाने इ.स. ४९९ मधल्या आपल्या ग्रंथात चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते असे स्पष्ट सांगितले होते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. ‘बृहत्संहिते’च्या राहुचार या अध्यायात तो ग्रहणाचे खरे कारण सांगतो, आणि त्याच अध्यायात कोणत्या महिन्यातले ग्रहण कोणाला कोणते फळ देईल याची लांबलचक वर्णनेही देतो. म्हणजे ‘ग्रहण कसे होते’ हे ज्ञान आणि ‘ग्रहणाने काय होते’ ही भीती गेली दीड हजार वर्षे एकाच घरात सुखाने नांदत आहेत. पहिल्याचे उत्तर देऊन दुसरे नाहीसे होईल, अशी अपेक्षा आपण कशाच्या आधारे धरतो?

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. याच लेखाच्या चौकटीत ठळक अक्षरांत आपण एक सूचना देतो: ‘ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहू नका, अंधत्व येऊ शकते.’ सूचना योग्यच आहे. पण ज्याच्या मनात ग्रहणाची भीती आहे तो ती कशी वाचतो? ‘पाहा, शास्त्रज्ञही म्हणतात की ग्रहणाचे किरण वाईट असतात.’ सबंध लेखातली हीच एक ओळ त्याला पटते आणि ती नेमकी उलट्या अर्थाने पटते. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणाच्या वेळी भर दुपारी अनेक शहरांतले रस्ते ओस पडले होते. परंपरेची भीती आणि डोळ्यांबद्दलचे इशारे तेव्हा एकमेकांना बळ देत होते.

वास्तविक ग्रहणाच्या दिवशी सूर्यातून कोणताही नवा किरण निघत नाही. एरवी सूर्याकडे पाहताच डोळे दिपतात आणि आपण मान वळवतो. ग्रहणात प्रकाश मंद होतो, कुतूहल वाढते आणि आपण टक लावून पाहत राहतो. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही, त्यामुळे तो भाजत असल्याचे कळतही नाही. म्हणून सूचना द्यायची तर अशी द्यावी: ‘सूर्याकडे कोणत्याही दिवशी टक लावून पाहू नये. ग्रहणाच्या दिवशी तसा मोह होतो, म्हणून प्रमाणित गाळणी वापरावी.’ दोन वाक्ये वाढतील, पण त्यांत दोष सूर्याच्या माथी येणार नाही. आणि नुसत्या निषेधाबरोबर पाहण्याचे साधनही हाती दिले तर काय होते, हे २४ ऑक्टोबर १९९५ च्या खग्रास ग्रहणाने दाखवले. त्या वेळी नीम का थाना, डायमंड हार्बर अशा ठिकाणी हजारो लोक मुद्दाम ग्रहण पाहण्यासाठी गेले.

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. त्याला उत्तर आहे, आणि ते खगोलशास्त्रात नसून जीवशास्त्रात आहे. गर्भवतीने ग्रहणात सुरी चालवली तर बाळाचा ओठ फाटतो, अशी ही समजूत आहे. बाळाचा ओठ केव्हा तयार होतो? गर्भारपणाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात. चेहऱ्याचे दोन्ही बाजूंचे भाग मध्याकडे वाढत येतात आणि जुळतात. टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात जुळतो. जुळणी अपुरी राहिली तर ओठ किंवा टाळू दुभंगलेला राहतो. म्हणजे बाहेरून काही कापल्याने तो फाटत नाही. तो जुळायचा राहिलेला असतो. आजींच्या सुनेला सातवा महिना होता. बाळाचा ओठ केव्हाच तयार झाला होता. भाजीची सुरी त्याचे काय करणार?

असे व्यंग जगभर सुमारे ७०० जन्मांमागे एका बाळात आढळते. त्यामागे आनुवंशिकता, आईचे धूम्रपान, मधुमेह, काही औषधे यांचा संबंध दिसून आला आहे. एखाद्या विशिष्ट बाळाच्या बाबतीत मात्र नेमके कारण पुष्कळदा सांगता येत नाही. कारण सापडत नाही तिथे माणूस आठवणीत शोध घेतो. नऊ महिन्यांत एखादे चंद्रग्रहण किंवा सूर्यग्रहण येणे मुळीच दुर्मिळ नाही, आणि घरातली बाई दिवसभरात काही ना काही चिरतेच. मग ‘ग्रहणात काय कापलं होतंस?’ हा प्रश्न तिच्या वाट्याला येतो. शस्त्रक्रियेने ओठ चांगला जोडता येतो, पण आईवर आलेला हा ठपका जन्मभर राहतो. ग्रहणाच्या समजुतीबद्दल आपण का बोलायचे याचे खरे कारण हे आहे. तहानलेल्या गर्भवतीला तासन्‌तास बसवून ठेवणे आणि पुढे एखाद्या आईला अपराधी ठरवणे, ही या समजुतीची किंमत आहे. आपल्या नेहमीच्या लेखात तिचा उल्लेखही नसतो.

आजींना सांगण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे. मेक्सिकोतही ग्रहणाने बाळाचा ओठ फाटतो अशी समजूत आहे. पण तिथे गर्भवती स्त्री संरक्षणासाठी पोटाजवळ सेफ्टी पिन किंवा किल्ली लावते. आपल्याकडे तिला धारदार, टोकदार लोखंडी वस्तूंपासून दूर ठेवतात. एकच भीती, आणि उपाय परस्परविरुद्ध. हे ऐकून कोणाचा अपमान होत नाही. माणूस हसतो आणि विचारात पडतो.

काही कार्यकर्ते ग्रहणकाळात गर्भवती स्त्रियांना सोबत घेऊन भाजी चिरणे, खाणेपिणे असे कार्यक्रम करतात. त्यातील धैर्याबद्दल आदर बाळगूनही एक शंका नोंदवणे आवश्यक वाटते. ‘हिने भाजी चिरली आणि बाळ सुदृढ जन्मले’ हा पुरावा म्हणून मांडला, तर ७०० मागे एक या हिशेबाने कधीतरी एखाद्या सहभागी स्त्रीचे बाळ दुभंगलेल्या ओठाचे जन्मेल. तेव्हा आपण काय म्हणणार? एका उदाहरणावरून निष्कर्ष काढण्याची जी सवय आपल्याला मोडायची आहे, तीच इथे आपण वापरतो. अशा कार्यक्रमाने भीती कमी होते, हे मान्य. पण त्याला भीती घालवण्याचा उपाय म्हणावे, सिद्धता म्हणू नये. सिद्धता ओठ जुळण्याच्या आठवड्यांत आहे, आणि ती आधी सांगायला हवी.

यावर कोणी म्हणेल की ही तडजोड झाली. समजुतीला समजूत म्हणायचे नाही का? जरूर म्हणावे. पण समजूत चुकीची आहे हे सांगणे आणि ती बाळगणारा मूर्ख आहे असे सुचवणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आजी मूर्ख नव्हत्या. त्या नातवंडाची काळजी करत होत्या आणि चार लोकांत प्रश्न विचारण्याचे धाडस त्यांनी केले होते. शिवाय सर्व आघाड्यांवर एकदम लढण्याची गरजही नसते. ग्रहण सुटल्यावर कोणी अंघोळ केली, धडधाकट माणसाने उपास केला, तर कोणाचे बिघडत नाही. गर्भवती, मधुमेही, आजारी आणि लहान मुले यांचे मात्र बिघडते. आणि गंमत अशी की पंचांगांतही बाल, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांना वेध पाळण्यात सवलत दिलेली असते. परंपरेलाही जे कळले आहे तिथून बोलणे सुरू करायला काय हरकत आहे?

अन्न बिघडते या समजुतीची तर वर्गातच परीक्षा घेता येईल. ग्रहणाच्या आदल्या दिवशी आणि ग्रहणाच्या दिवशी सारख्याच भांड्यांत, सारखाच भात, सारख्याच वेळी, तेवढाच काळ झाकून ठेवावा आणि वास, रंग, चिकटपणा यांची नोंद करावी. मात्र तापमानही नोंदवावे. शिजवलेले अन्न बराच वेळ उबदार जागी राहिले की जंतू वाढतात, मग ग्रहण असो वा नसो. काय दिसेल हे मुलांना आधी सांगू नये. चाखूनही पाहू देऊ नये.

पुढची संधी दूर नाही. २ ऑगस्ट २०२७ रोजी सूर्यग्रहण आहे. इजिप्तसारख्या देशांतून ते खग्रास आणि आपल्याकडून दुपार उलटल्यावर खंडग्रास दिसेल. पावसाळी ढगांनी दगा दिला नाही तर झाडाच्या पानांमधून जमिनीवर पडलेले कोरीचे असंख्य कवडसे मुलांनी घरच्या मोठ्या माणसांना दाखवावेत. त्यासाठी सूर्याकडे पाहावेही लागत नाही. गर्भवतींशी बोलणे मात्र त्या दिवसावर ठेवू नये. दोन महिने आधी, शक्य तर गावातल्या आशाताईंना किंवा परिचारिकेला सोबत घेऊन, बोलावे. आणि आकृती फळ्यावर काढण्यापूर्वी एकदा विचारावे: तुम्हांला ग्रहणाची नेमकी कशाची भीती वाटते? उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे आणि मगच खडू हातात घ्यावा.